तुळईचं टेबल, खिडकीतलं बाक

खान्देशात पूर्वेला बे विंडो, म्हणजे भिंतीबाहेर निघालेली खिडकी, काढणाऱ्या माणसाने इथला एप्रिल पाहिलेला नसतो, असं आमच्या नानांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं मत. त्यांचं आयुष्य धाब्याच्या घरात गेलं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर मातीचंच धाबं, खिडक्या मोजून मापून. ऊन बाहेर ठेवायचं हाच त्या बांधणीचा हेतू. आम्ही अमळनेरला घर बांधलं तेव्हा नकाशात ही खिडकी आली ती आलीच. भिंतीच्या बाहेर दोन फूट निघालेली, तीन बाजूंची. मधली बाजू ६० इंच, दोन्ही तिरप्या बाजू ३४ इंचांच्या, आणि खोलीकडचं तोंड नऊ फुटांचं. बहुतेक घरांत अशा जागी ग्रॅनाइटचा ओटा टाकतात आणि त्यावर कुंड्या नाहीतर इस्त्रीचे कपडे बसतात. आमच्याकडे फरशी थेट खिडकीपर्यंत गेली होती, त्यामुळे तिथे बाक आणि त्यापुढे जेवणाचं टेबल करता येईल हे मला पहिल्यापासून दिसत होतं.

प्लाय आणि सनमायकाचा भाव दोघांनी काढून दिला होता. झटपट झालं असतं. पण लाकूड घरात होतं. नानांचं गाव पारोळा तालुक्यात, तिथलं वडिलोपार्जित घर गळायला लागल्यावर भावाभावांनी मिळून उतरवलं आणि लाकूड वाटून घेतलं. आमच्या वाट्याला सागाच्या तीन तुळया, तुळयांवर आडव्या बसणाऱ्या थोड्या कड्या आणि अंजन झाडाचे दोन खांब आले. जुनं लाकूड घेणारे लोक अशा वेळी कुठून खबर लागते कोण जाणे, भिंत पडायच्या आत दारात उभे राहतात. तुळयांना ते चांगला भाव देत होते. अंजनाकडे मात्र कोणी वळून पाहत नव्हतं. "त्यावर करवत कोण मोडणार," असं एकाने तोंडावर सांगितलं. नानांनी दोन्ही विकायला नकार दिला. एक सांगायचं राहतं: सागवान जुनं असो की नवं, गाडीवर चढवण्याआधी वन खात्याच्या कार्यालयात वाहतुकीच्या परवान्याचं विचारून घ्यावं. शेतातला साग तोडायचा तर परवानगी लागतेच. १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा त्यासाठीच आहे. घरच्या लाकडाला कसला कागद, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण नाक्यावर गाडी अडली की ते आपल्याबरोबर नसतात.

काम केलं आप्पांनी. ते पिढीजात सुतार, बैलगाड्यांपासून मॉड्युलर किचनपर्यंत सगळं केलेले. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे रेखाटनं, मापं, वजनं, घासाई, तेलपाणी ही कामं माझ्याकडे आणि हत्यारांचं सगळं त्यांच्याकडे, अशी वाटणी झाली. मी इंटरनेटवरून मापं काढून ठेवली होती: बैठकीची उंची १८ इंच, खोली १६ ते १८, टेबल ३० इंच, पाठ थोडी मागे कललेली. आप्पांनी कागद पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि घरातल्या सगळ्यांना बोलावलं. विटांवर फळी टाकली आणि म्हणाले, "आठे बठा, मंग मी माप लेस."

सगळे बसले, आणि माझ्या कागदातली गोम लगेच कळली. ती मापं पाय खाली सोडून बसणाऱ्यांची होती. नाना फळीवर बसले ते मांडी घालूनच. सासूबाईंनी एक पाय वर घेतला. मुलगा पाय पोटाशी घेऊन कोपऱ्यात टेकला. आमच्याकडे खुर्चीवरसुद्धा माणसं मांडी घालतात, मग बाकावर कोण पाय सोडून बसणार? मांडी घालून १६ इंचांत गुडघे हवेत लोंबतात आणि माणूस पुढे घसरतो. आप्पांनी फळ्या वाढवत वाढवत खोली २० इंचांवर आणली. पाय सोडून बसणाऱ्याला ती जरा जास्त होते, पण पाठीला लोड घेतला की प्रश्न मिटतो. उंची गादी दबल्यावर १७ इंच ठरली, कारण सासूबाईंचे पाय जमिनीला टेकायला हवे होते.

मांडीचा दुसरा परिणाम टेबलावर झाला. मांडी घातली की मांड्या बैठकीपासून सहा-सात इंच वर येतात. टेबलाच्या चौकटीची पट्टी फळ्याखाली चार इंच उतरलेली असते, ती नेमकी तिथे लागते. म्हणून टेबलाला चौकट नकोच, असं ठरलं. फळा सव्वा इंच जाड, वरची उंची साडेएकोणतीस, म्हणजे बैठक आणि फळ्याची खालची बाजू यांत सव्वाअकरा इंच मोकळे. नानांनी मांडी घालून ताट ओढल्याचा अभिनय केला. पास झालं. चार कोपऱ्यांना चार पायही नकोत, कारण बाकावर माणूस बाजूने सरकत आत जातो आणि कोपऱ्यातला पाय बरोबर त्याच्या नडगीच्या वाटेत येतो. त्याऐवजी आत घेतलेले दोन मधले आधार.

आता लाकूड. तुळया सहा बाय आठ इंचांच्या, नऊ नऊ फुटांच्या. एकीत तीन घनफूट. ऐकायला भरपूर वाटतं, पण जुन्या तुळईतून हाती येतं ते निम्मंच धरावं. मधल्या गाभ्यातून भेगा फुटलेल्या असतात, कडेचा पांढरट भाग वाळवीने किंवा भुंग्याने पोखरलेला असतो, आणि खिळे सगळीकडे. सागाचा पिवळसर तपकिरी गाभाच वाळवीला दाद देत नाही. कडेचं पांढरं लाकूड तिला चालतं. दुकानात "शुद्ध सागवान" म्हणून जे मिळतं त्यातही हे पांढरं किती आहे ते पाहावं. फर्निचर कुजलं की साग बदनाम होतो, खरं तर कुजलेलं असतं ते हेच.

खिळ्यांचं काम माझ्याकडे आलं. जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोरीला बांधून तुळईवरून फिरवायचं, जिथे ओढ लागेल तिथे खडूची फुली. घडीव खिळे, कुलपाच्या कडीचे तुटके पाय, कुणीतरी कधीतरी पाळण्यासाठी ठोकलेला आकडा. पितळ चुंबकाला कळत नाही, म्हणून डोळ्यांनीही पाहावं लागतं. वखारवाल्याने आधीच बजावलं होतं की पातं मोडलं तर खर्च तुमचा. जुनं लाकूड म्हटलं की बरेच जण मशीनवर घ्यायलाच तयार नसतात. यांनी घेतलं ते आप्पांच्या शब्दावर. साग कापताना पात्याची धार फार लवकर जाते, कारण त्याच्या पेशींत सिलिका असते. वाळूच ती. आप्पांच्या दिवसाची सुरुवात त्यामुळे रोज धार लावायच्या दगडावर व्हायची, आणि तो वेळ ते कधीही वाचवत नसत.

अंजन हे वेगळंच प्रकरण. आपल्याकडच्या उघड्या, कोरड्या टेकड्यांवर हे झाड तगून राहतं. पाला गुरांना होतो, सालीचे दोर वळतात. लाकूड भारतातल्या सगळ्यात जड लाकडांपैकी. सागाचं एक घनमीटर साधारण ६५० किलोचं, अंजनाचं हजार किलोच्या वर. मुलाला मी त्याची चिपळी पाण्याच्या बादलीत टाकून दाखवली, ती तळाला गेली. शाळेत घनता शिकवायला याहून चांगलं साधन मला मिळालेलं नाही, ती चिपळी आता वर्गात असते. नको असलेलं हे वजनच आम्हाला उपयोगी पडलं. बाकावरून उठताना माणूस टेबलाच्या कडेवर भार देतो; आधार मधोमध असले की टेबल कलायची भीती. म्हणून जमिनीवर टेकणारे दोन आडवे पाये अंजनाचे करायचे ठरले. तळात वजन, शिवाय फरशी पुसतानाचं पाणी आणि वाळवी या दोन्हींची फिकीर नाही.

फळ्या कापून आणल्यावर लगेच कामाला लागलो नाही. जुनं लाकूड वाळलेलंच असतं हे अर्धसत्य आहे. गळक्या धाब्याखालच्या तुळईच्या पोटात ओल असू शकते, आणि मोठा ओंडका चिरला की आतले ताण सुटून फळ्या वाकतात. दोन फळ्यांच्या मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून ज्या खोलीत टेबल राहणार त्याच खोलीत थप्पी लावली. ओल मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, पण कापसाचं गाठोडं तोलायचा लटकता काटा होता. एका फळीवर खूण करून तिचं वजन दर रविवारी लिहीत गेले. उतरत उतरत आकडा थांबला, पुढच्या रविवारीही हलला नाही, तेव्हा आप्पांना फोन केला.

खरा विचार इथून पुढचा. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. हवेतला दमटपणा शोषून फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. साग या बाबतीत शहाणा, इतर लाकडांच्या मानाने थोडकाच हलतो. तरी आपल्या हवेचं अंतर बघा. चैत्रात दुपारी ओठ फुटतात एवढी कोरडी हवा, श्रावणात मीठ डब्यात पाघळतं. तीन फूट रुंदीचा सागाचा फळा या दोन टोकांत दोन ते चार सूत हलेल असा माझा हिशेब आला. आठ सुतांचा इंच, म्हणजे पाव ते अर्धा इंच. फळी कशी चिरली आहे यावर ते ठरतं. टोकाकडून पाहिलं तर ज्या फळीतल्या वार्षिक वलयांच्या रेषा उभ्या दिसतात ती निम्मीच हलते. ज्यात त्या आडव्या, कमानदार दिसतात ती जास्त हलते, शिवाय वाकतेही. थप्पी उलगडून सगळ्या फळ्यांची टोकं पाहिली, उभ्या रेषांच्या टेबलासाठी काढल्या, बाकीच्या बाकाला.

मी हा हिशेब मोठ्या हौसेने आप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा वर करून आकडे वाचले आणि म्हणाले, "लाकूडले जागा लागस, ताई. तुम्ही दिधी नही तं ते सोता करी लेस." जागा दिली नाही तर ते स्वतः करून घेतं, म्हणजे फुटतं.

या हिशेबात एक गोष्ट बाहेरच्या कुठल्याही माहितीत मिळणार नाही, ती म्हणजे कूलर. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि वाळ्याचा कूलर खिडकीत अडकवल्याशिवाय इथे झोप नाही. कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळूनच. म्हणजे बाहेर हवा वर्षातली सगळ्यात रखरखीत आणि घरात पावसाळी. लाकडाच्या दृष्टीने आमचा उन्हाळा मार्चमध्ये सुरू होतो आणि कूलरचं बटण दाबलं की संपतो. त्यात आमचा कूलर बसायचा तो याच खिडकीत. घरात यावरून चांगलीच खडाजंगी झाली. सासूबाईंचं म्हणणं, बाकापायी कूलर हलणार असेल तर बाक नको. माझं म्हणणं, दुसऱ्या खिडकीतून हवा येत नाही का? शेवटी डावी तिरपी खिडकी कूलरला गेली. त्या बाजूच्या बाकाला पाठ केली नाही, बैठकीचा तो भाग नुसता उचलून बाजूला ठेवता येईल असा केला, आणि कूलरचा झोत टेबलाच्या फळ्यावर सरळ पडणार नाही एवढं त्याचं तोंड वर वळवलं. सासूबाई जिंकल्या, आणि खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर होतं.

फर्मा काढायचा दिवस मला सगळ्यात आवडला. कागदावर कोपरा १३५ अंशांचा होता. भिंतीला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. उजवा कोपरा जरा उघडा, डावा जरा मिटलेला, आणि प्लास्टर ओळंब्याला खाली एक आणि वर दुसरंच. गवंड्याला नावं ठेवून उपयोग नसतो, गिलावा केलेली भिंत अशीच असते. फ्रिजच्या खोक्याचे पुठ्ठे भिंतीला लावून, कातरून, चिकटपट्टीने जोडून पूर्ण खिडकीचा फर्मा काढला, तोही दोन उंचींवर: एक बैठकीच्या पातळीवर, एक पाठीच्या. मग तो हॉलच्या फरशीवर पसरून खडूने सगळं खऱ्या मापात रेखलं.

तिरका सांधा कुठे कापायचा हे मी कोनमापकाने काढायला बसले होते. आप्पांनी बीजगणिताशिवाय काढून दाखवलं. सारख्या रुंदीच्या दोन फळ्या कोपऱ्यात भिंतीला लावून एकमेकींवर येऊ द्यायच्या. जिथे त्यांच्या मागच्या कडा मिळतात तो एक बिंदू, जिथे पुढच्या कडा एकमेकींना छेदतात तो दुसरा. दोन्ही जोडणारी रेघ हीच कापायची रेघ, मग कोपरा कितीही अंशांचा असो. भूमितीत आपण कोन दुभागायला शिकवतो ते हेच, पण मी ते इतकं सरळ कधी शिकवलं नव्हतं. त्या रेघांनी मधल्या बैठकीची मागची कड ६० इंच आणि पुढची साधारण साडेत्रेचाळीस आली. टेबलाचा आकारही या खडूच्या चित्रातूनच निघाला. साधा चौकोन ठेवला तर त्याचे कोपरे तिरप्या बाकांवर बसणाऱ्यांच्या पोटात. म्हणून साडेपाच फूट लांब, तीन फूट रुंद फळ्याचे खिडकीकडचे दोन कोपरे बाकांना समांतर छाटले. मधला सरळ काठ ४५ इंच उरला. टेबल बैठकीच्या कडेवर दोन इंच पुढे येतं. एवढं आलं नाही तर कालवण मांडीवर सांडतं.

बाकाचा सांगाडा कड्यांच्या लाकडातून झाला. सगळे सांधे कुसू घालून, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत. कुसवातून आरपार बाभळीची मेख. बाभूळ आप्पांची आवडती, गाडीच्या चाकांपासून नांगरापर्यंत तिच्यावर त्यांचा भरवसा. मेखा तासायला मला बसवलं आणि त्यातल्या बऱ्याचशा पुन्हा तासायला लावल्या. सांगाडा भिंतीला चिकटवला नाही, मागे बोटभर फट ठेवली. पावसाळ्यात खिडकीच्या खालची भिंत गार आणि दमट होते, हवा खेळली पाहिजे. पायांखाली शहाबादीचे लहान तुकडे, म्हणजे पोछ्याचं पाणी लाकडाच्या टोकांतून वर चढत नाही.

बैठक अखंड केली नाही. वीस इंच रुंद अखंड फळी तिरकी कापून जोडली असती तर तो सांधा पावसाळ्यात एका टोकाला आणि उन्हाळ्यात दुसऱ्या टोकाला उघडला असता, कारण फळी फक्त रुंदीत हलते आणि तिरक्या कापाचा कोन त्याने बदलतो. त्याऐवजी प्रत्येक बाजूला चार चार पट्ट्या, मधे दोन सुतांची फट. प्रत्येक पट्टी स्वतःपुरती फुगते, फट ते गिळते. तोटा एकच: शेवेचा चुरा. खालच्या जागेत उघडी पेटी न करता मधल्या बाकाला दोन खण ओढायचे केले, वरून प्लायचा पातळ तुकडा. पापड-कुरडयांचे डबे तिथे राहतात. झाकण उचलायची पेटी करायचा सल्ला सगळे देतात. पण वर चार माणसं आणि गादी बसलेली असताना ती उघडायची कोणी?

टेबलाचा फळा चिकटवायच्या दिवशी थोडी धावपळ. सागाच्या अंगात तेल असतं, ते रंधलेल्या कडेवर हळूहळू वर येतं आणि डिंक धरू देत नाही. म्हणून कडा ताज्या रंधायच्या, लगेच थिनरने पुसायच्या, तो उडाला की लगेच फेविकॉल आणि क्लॅम्प. रंधून दुसऱ्या दिवशी चिकटवू, असं चालत नाही. क्लॅम्प एक खालून, एक वरून असे आळीपाळीने लावले, नाहीतर फळा ओढून वाकतो. आणि आवळायचेही बेताने. सगळा डिंक पिळून बाहेर आला तर सांध्यात राहणार काय?

आधार दोन: खाली अंजनाचा पाया, त्यात सागाचा खांब, वर फळ्याला धरणारी आडवी पट्टी. दोन्ही आधारांना जोडणारा दांडा आरपार कुसवाचा, बाहेरून लाकडी पाचर. पाचर ठोकली की घट्ट, मागून टोला दिला की मोकळा. दारातून न्यायचं तर सगळं सुटं होतं. अंजनात खाच पाडताना पटाशी दगडावर आपटल्यासारखा आवाज यायचा. आप्पा आधी गिरमिटाने भोकं पाडून घेत आणि मग कडा साफ करत, तरी दर थोड्या वेळाने दगडाकडे जावं लागे. ते काम त्यांनी मला करू दिलं नाही.

फळा आणि आडवी पट्टी जोडणं हा या सगळ्याचा कळीचा मुद्दा. पट्टी फळ्याच्या रेषांना आडवी जाते, आणि तिची लांबी बदलत नाही. सगळे स्क्रू पक्के केले तर फळा दोहोंत अडकून मधोमध चिरतो. म्हणून पट्टीचं मधलं भोक गोल, तिथे स्क्रू घट्ट. बाकीची भोकं पट्टीच्या लांबीच्या दिशेने लांबट, आणि त्यांतले स्क्रू वायसर घालून बेताचे आवळलेले. फळा मधोमध खिळलेला आणि दोन्हीकडे सरकायला मोकळा. वरून बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही. दुकानातलं टेबल घेताना मी आता आधी वाकून खाली बघते, विक्रेत्यांना ते आवडत नाही.

पॉलिशवरून बरीच मतं आली. लाखेचं पॉलिश दिसायला सुंदर, पण गरम पातेल्याने आणि पाण्याच्या पेल्याने त्यावर पांढरे डाग पडतात. जेवणाच्या टेबलाला ते नको. मेलामाइन टणक, पण ओरखडा पडला की सगळा थर घासून पुन्हा मारावा लागतो. मी उकळून तयार केलेलं जवसाचं तेल घेतलं, पहिला हात टर्पेंटाइन मिसळून पातळ, पुढचे हात नुसत्या तेलाचे, प्रत्येक वेळी उरलेलं पुसून काढत. फळ्याच्या खालच्या बाजूलाही तेवढेच हात दिले. वरून पॉलिश आणि खालून कोरडं ठेवलं की दोन्ही बाजू ओल वेगवेगळ्या वेगाने घेतात आणि फळा पन्हाळीसारखा वळतो. सुतार खालची बाजू वगळू पाहतो. उभं राहून करून घ्यावी.

तेलाच्या चिंध्यांबद्दल मात्र कोणी आपणहून सांगत नाही. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं. बोळा करून कोपऱ्यात टाकलेली चिंधी आपोआप पेटू शकते, आणि खान्देशातल्या मे महिन्यात तिला फार प्रोत्साहन लागत नाही. चिंध्या पाण्यात बुडवाव्यात किंवा अंगणात एकेक पसरून वाळवाव्यात. आमच्याकडे त्या दोरीवर लटकलेल्या पाहून शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, हे कसलं धुणं.

तेल लावल्यावर फळा पहिल्यांदा चट्ट्यापट्ट्याचा दिसला, कुठे हिरवट, कुठे तांबूस. नानांचा चेहरा पडला. ताजा रंधलेला साग असाच असतो, उजेडात काही आठवड्यांत एकसारखा सोनेरी होतो. पूर्वेचं ऊन इथे कामी आलं. तोवर टेबलावर एका जागी काही ठेवून द्यायचं नाही, नाहीतर त्याच्या आकाराचा फिका ठसा राहतो. हळदीचंही तसंच. शेवभाजीचा रस्सा सांडला की पिवळा डाग पडतो. साबणाने जेवढं जाईल तेवढं पुसायचं, पुढचं ऊन करतं, हळदीचा रंग त्यापुढे टिकत नाही.

आडव्या पट्टीवर फळ्याच्या दोन्ही कडा जिथे येतात तिथे मी पेन्सिलने रेघ मारून महिना लिहून ठेवते. फळा सगळ्यात आत असतो तो मार्चअखेर, कूलर सुरू होण्याआधी. मेमध्ये तो थोडा बाहेर सरकतो, आणि ऑगस्टची रेघ सगळ्यांच्या पुढे. पहिल्या आणि शेवटच्या रेघेत दोन्ही कडांचं मिळून दोन सुतांहून थोडं कमी अंतर आहे, म्हणजे हिशेबाच्या खालच्या टोकालाच. उभ्या रेषांच्या फळ्या निवडल्याचा हा फायदा. आप्पांना दाखवलं तर त्यांनी बोट फिरवून पाहिलं आणि चहा मागितला.

गाद्या फोमच्या करायच्या नाहीत हे ठरलेलंच होतं. फोम उन्हात तापतो, आणि कापसाच्या मुलखात फोमवर बसायचं हे नानांना मान्य नव्हतं. पिंजाऱ्याकडून तीन इंच भरून घेतल्या, बसल्यावर दीड इंच राहतील या अंदाजाने. १७ इंचांचं माप त्यावरच बेतलं होतं. कापूस दबत जातो, म्हणून वर्षाआड पिंजून घ्याव्या लागतील. सरळ गादीची मजुरी त्याने नेहमीचीच घेतली. दोन्ही कोपऱ्यांच्या तिरक्या गाद्यांना मात्र दीडपट मागितली, कारण तिरक्या टोकात कापूस धरत नाही, तिथे टाके जवळजवळ घालावे लागतात. घासाघीस करायला सासूबाई पुढे सरसावल्या होत्या. मी त्यांना थांबवलं आणि फर्म्याचा पुठ्ठा त्याच्या हातात दिला.